डार्करूम ते संगणक : हौशी माणसांचा वारसा

आमच्या हायस्कूलच्या कचेरीत १९८६ सालच्या एस. एस. एल. सी. वर्गाचा ग्रूप फोटो टांगलेला आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मी. जवळजवळ चाळीस पावसाळ्यांनी त्यावर बुरशीचे ठिपके पाडले होते. शाळेच्या स्मरणिकेत तो छापायचे ठरले, तेव्हा एक माजी विद्यार्थी लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन आला. माझ्या टेबलाशी बसून त्याने वीस मिनिटांत एकेक डाग नाहीसा केला. मी चष्मा सावरून पाहत राहिलो.

मग तो म्हणाला, “सर, उजव्या कडेला कोणीतरी अर्धेच आले आहेत, तेही हललेले. काढून टाकू?”

मी वाकून पाहिले. ते आमचे शिपाईमामा होते. बाके लावून झाल्यावर ते चौकटीबाहेर जायला निघाले असतील, तोच फोटोग्राफरने लेन्सचे झाकण काढले असावे. मी म्हटले, “थांब जरा.” त्याने हात आवरला. मामांचे काय करायचे ते शेवटी सांगतो. पण त्या क्षणी मला प्रश्न पडला, की एका फटकाऱ्यासरशी माणूस पुसून टाकणारे हे साधन आले कोठून? ते बनवले कोणी?

याचे उत्तर शोधताना मला जो इतिहास दिसला, तो मोठमोठ्या कंपन्यांचा असण्याआधी हौशी माणसांचा आहे. ‘हौशी’ हा शब्द आपण जरा हलक्याने वापरतो. हौशी नट म्हणजे कच्चा नट, असाच आपला समज. परंतु छायाचित्रणाच्या इतिहासाची पाने उलटली, तर धंदेवाल्यांच्या आधी हौशीच पुढे गेलेले दिसतात.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर हा लंडनचा एक शिल्पकार. पुतळे घडवताना नमुन्यासाठी माणसांचे फोटो हवेत, म्हणून तो या नादाला लागला. १८५१ साली त्याने काचेवर कोलोडियनचा ओला थर देऊन फोटो घेण्याची पद्धत जाहीर केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. त्याआधी टॅलबट या विद्वान गृहस्थाने आपल्या कागदी पद्धतीचे पेटंट १८४१ मध्ये घेतले होते. आर्चरची पद्धतही आपल्याच पेटंटात येते, असा त्याचा दावा १८५४ साली लंडनच्या न्यायालयात टिकला नाही. पुढची पंचवीसेक वर्षे जगभरचे फोटोग्राफर आर्चरच्या पद्धतीने फोटो काढत राहिले. खुद्द आर्चर १८५७ साली गरिबीत वारला आणि त्याच्या कुटुंबासाठी वर्गणी गोळा करावी लागली. फुकट देणाऱ्याच्या घरी काय उरते, हेही इतिहासात नोंदलेले असते.

ओल्या काचेची पद्धत मोठी कटकटीची होती. काच ओली आहे तोवरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो घेऊन धुवायचा. त्यामुळे बाहेर जाताना तंबू, बाटल्या, पाणी असा सारा संसार बरोबर न्यावा लागे. ही अडचण दूर करण्याची वाट रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने दाखवली. कोलोडियनमधील ईथरच्या वाफा त्याच्या प्रकृतीला सोसवत नव्हत्या. म्हणून त्याने जिलेटिन वापरून कोरड्या काचेचा प्रयोग केला आणि १८७१ मध्ये तो छापून सर्वांसाठी मोकळा केला. अमेरिकेतील रॉचेस्टर गावी जॉर्ज ईस्टमन हा बँकेतील तरुण कारकून दिवसा खतावण्या लिही आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात अशा कोरड्या काचा बनवण्याचे प्रयोग करी. त्या स्वयंपाकघरातूनच पुढे कोडॅक कंपनी उभी राहिली. १८८८ साली तिचा पहिला कॅमेरा आला आणि १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी.

आपल्या बाजूलाही हे वारे लवकरच पोहोचले होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. मूळच्या गोव्यातील मांद्रे गावच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून फोटो घेत आणि या सोसायटीतही वावरत. इंदूरच्या वाचकांना लाला दीनदयाळ हे नाव नवे नसेल. मीरतजवळच्या सरधन्याचा हा तरुण रुडकीला शिकून १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करायला आला. नोकरी सांभाळून १८७४ च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्याला प्रोत्साहन दिले. १८८२ साली सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर हिंडून त्याने ग्वाल्हेरच्या किल्ल्यासारख्या मध्य भारतातील वास्तूंचे फोटो घेतले. पुढे तो हैदराबादच्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. म्हणजे नोकरीतून छंद, छंदातून धंदा आणि धंद्यातून एका काळाची साक्ष!

आमच्या घरी हा छंद क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रूपाने आला. आग्फाचा हा कॅमेरा बडोद्याच्या कारखान्यात तयार होत असे. एका रिळात बारा चौकोनी फोटो बसत. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. महिनाअखेरीस रीळ संपले, की रात्री जेवणे आटोपल्यावर मोरीची डार्करूम व्हायची. दाराच्या फटीला गोधडी, तांबडा दिवा, तीन इनॅमलच्या परातींत अनुक्रमे डेव्हलपर, पाणी आणि हायपो. कोऱ्या कागदावर आजीचा चेहरा हळूहळू उमटताना मी प्रथम पाहिला तो त्या मोरीत. दुसऱ्या दिवशी आई कुरकुरत मोरी धुवायची.

पुढे तालुक्याच्या स्टुडिओत एन्लार्जर पाहिला आणि आणखी युक्त्या कळल्या. कागदावर प्रकाश पडत असताना एखादा भाग फार काळा होईल असे वाटले, तर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती त्यावर हलवत धरायची, म्हणजे तो भाग उजळ राहतो. हे डॉजिंग. उलट आकाश फारच पांढरे दिसत असेल, तर हाताच्या मुठीची पोकळी करून तेवढ्याच भागावर जादा प्रकाश सोडायचा. हे बर्निंग. त्याहून नाजूक युक्ती अनशार्प मास्कची. मूळ निगेटिव्हची एक मुद्दाम अस्पष्ट, फिकी आणि उलटी प्रत करून ती निगेटिव्हला जोडून छापायची. अस्पष्ट प्रतीमुळे कडा ठळक होतात. ऐकायला उफराटे वाटते, पण होते खरे.

या युक्त्या संगणकात कशा शिरल्या, हा इतिहासाचा पुढचा अध्याय आहे आणि तोही हौशींचाच. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर नावाचा संगणक झळकला. तो सुट्या भागांच्या स्वरूपात टपालाने मागवून घरी जोडायचा होता. स्मृती अवघी २५६ बाइट, म्हणजे या परिच्छेदाची दोन ओळीही तीत मावणार नाहीत. तरी लोकांच्या उड्या पडल्या. मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये अशा छांदिष्टांचे होमब्रू नावाचे मंडळ जमले. स्टीव्ह वॉझ्नियाक हा नोकरी करणारा तरुण तेथे येई. आपल्या संगणकाचे आराखडे तो सवंगड्यांना फुकट वाटत असे. तोच पुढे ॲपलचा पहिला संगणक झाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी या हौशींना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. प्रोग्रॅम पैसे न देता एकमेकांना वाटणे ही चोरी आहे, आणि मोबदला नसेल तर चांगले काम कोण करील, असा त्यांचा रोख होता. आर्चरच्या कुटुंबाची दशा आठवली, म्हणजे तो प्रश्न अगदीच खोटा म्हणता येत नाही.

त्याच १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मविना चालणारा कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर. एक चित्र म्हणजे शंभर गुणिले शंभर ठिपके, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. स्वयंपाकघरातून जन्मलेल्या कंपनीने हे बाळ जपून वाढवले नाही. २०१२ साली तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

डार्करूम आणि संगणक यांची खरी गाठ पडली ती मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील एका घरात. ग्लेन नॉल हे तेथील विद्यापीठात अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि हौशी फोटोग्राफर. घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. थॉमस आणि जॉन ही त्यांची मुले. थॉमस वडिलांपाशीच फोटो धुवायला आणि छापायला शिकला. १९८७ साली तो त्याच विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करीत होता. त्याच्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. मधल्या करड्या छटा नाहीतच. वर्तमानपत्रातील फोटो भिंगाखाली धरला, तर काळ्या ठिपक्यांच्या दाटी-विरळीतून करडेपणाचा भास होतो, हे आपणांस ठाऊक आहे. तोच भास पडद्यावर घडवणारा छोटा प्रोग्रॅम थॉमसने लिहिला. जॉन हा चित्रपटांतील चमत्कृतीची दृश्ये करणाऱ्या कंपनीत होता. त्याने तो पाहिला आणि हे कर, ते जोड, असा भावाचा पिच्छा पुरवला. प्रबंध मागे पडला आणि प्रोग्रॅम वाढत गेला. आधी एका स्कॅनरबरोबर त्याच्या सुमारे दोनशे प्रती गेल्या. पुढे अडोबी कंपनीने तो घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ बाजारात आले.

या पहिल्या आवृत्तीची संहिता २०१३ साली कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने अभ्यासकांना खुली केली. ती सुमारे १,२८,००० ओळींची असून बहुतांशी पास्कल भाषेत आहे. तारेवरची चकती, पोकळ मूठ, अनशार्प मास्क ही सारी मंडळी या प्रोग्रॅमात आपापली नावे घेऊन येऊन बसली. चकतीचे आणि मुठीचे तर चित्रही तेच. ज्यांनी डार्करूमची पायरी कधी चढली नाही, ती मुले आज त्या मुठीवर बोट ठेवतात. एका बापाच्या तळघरातील सवय मुलाने गणितात उतरवली, एवढाच याचा अर्थ.

फोटोशॉप महाग होते, तेव्हा पुन्हा हौशीच धावून आले. १९९१ साली हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स याने केवळ छंद म्हणून लिनक्सची सुरुवात केली होती. १९९५ साली बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी चित्रे सुधारणारा ‘गिम्प’ हा मोफत प्रोग्रॅम आरंभला. १९९७ साली डेव्ह कॉफिन या प्रोग्रॅमरने आपल्या कॅनन कॅमेऱ्यातील कच्ची चित्रे उलगडता यावीत म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो सर्वांना देऊन टाकला. पुढे इतर अनेक प्रोग्रॅमांनी त्याचाच आधार घेतला.

आता मामांकडे वळतो. फोटोतील माणूस पुसण्याची कला संगणकाने आणली असे नाही. जुन्या स्टुडिओतही निगेटिव्हवर पेन्सिलने रंगकाम होई, ब्लेडने खरवडणे होई. पण त्याला रात्र जागावी लागे. ते श्रम हीच एक राखण होती. माणूस पुसण्याआधी विचार करायला तेवढा वेळ मिळत असे. आता श्रम गेले आणि राखण करणाऱ्याच्या मनावर येऊन पडली. धंदेवाईक माणूस गिऱ्हाईक सांगेल ते पुसतो आणि त्याला दोष देता येत नाही. पुसू का, असे विचारून थांबतो तो हौशी.

आणि येथे मला एक कबुली द्यायची आहे. लॅपटॉप घेऊन आलेला हा मुलगा २००८ साली आमच्या शाळेत होता. शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत बसून तो काहीबाही प्रोग्रॅम लिही, मोबाइलमधील फोटो त्यात घालून त्यांचे रंग उलटेपालटे करी. सहामाहीला गणितात त्याचे गुण घसरले. मी त्याच्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली आणि हे थेर परीक्षा झाल्यावर, असे साऱ्या वर्गासमोर सुनावले. वडिलांच्या मोरीत वाढलेल्या माणसाने हे करावे, याची मला आज लाज वाटते. परवा मी त्याला तसे म्हटलेही. तो हसला. म्हणाला, “सर, खिडकीचा बोल्ट सैल होता.”

मामांना आम्ही पुसले नाही. हलले तसेच, अर्धे तसेच, ते स्मरणिकेत छापले आहेत. मूळ फोटोच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर चित्रकलेच्या गुरुजींनी सर्वांची नावे रांगवार लिहिली होती, वर मराठीत आणि खाली कानडीत. त्यात मामांचे नाव नव्हते, कारण ते फोटोत यायचेच नव्हते. त्यांच्या हातचा चहा मी नोकरीची पहिली काही वर्षे घेतला, पण त्यांचे पुरते नाव मलाही येत नव्हते. कपाटातून १९८६ चे हजेरीपत्रक काढले. तेथे महिन्यामागून महिना त्यांची कानडी सही होती. त्या मुलाने ती वाचून दाखवली आणि मी पुठ्ठ्यावर, उजव्या कडेला, त्यांचे नाव दोन्ही भाषांत लिहिले.