अण्णांची पद्मिनी आणि राजघाटचा उतार

बुऱ्हाणपूरची जुनी माणसं इथे बरीच आहेत, म्हणून ही आठवण इथेच लिहितो.

राजघाट म्हटलं की बाहेरच्यांना शाही किल्ला आणि मुमताज आठवते. १६३१ साली ती याच गावात गेली, आणि तिला आधी पुरलं ते नदीपलीकडे जैनाबादला. आम्हाला मात्र आठवतो तापीच्या पात्रातला दगडी हत्ती. "हत्ती बुडाला का?" हीच आमची पुराची बातमी. आणि आषाढ शुद्ध सप्तमी, म्हणजे तापीची जयंती. त्या दिवशी आई घाटावर जायचीच, तीही अण्णांच्या गाडीतून.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळची इटलीची फियाट ११००. आमचे म्हातारे शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. पॉवर स्टिअरिंग तिला नव्हतंच. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिसने ते १९२६ सालीच करून दाखवलं होतं, १९५१ पासून क्रायस्लरच्या गाडीत विकतही मिळत होतं. आमच्याकडे अण्णांचे दोन दंड हेच पॉवर स्टिअरिंग!

अण्णा गेले, गाडी चार वर्षं उभी राहिली. मी बाहेर काढली तर स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म. एका गॅरेजवाल्याने (नाव नको) स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला आणि "झालं" म्हणाला. सरळ रस्त्यावर बरं वाटलं. पण वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येईना, हे मला कळलं ते सप्तमीच्या दिवशी. रिमझिम पाऊस, आई शेजारी, घाटाकडचा उतार. डावीकडे वळवून हात सैल सोडला, तर गाडी वळतच राहिली. समोर फुलं विकणारी बाई बसलेली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, ब्रेक दाबला. बोनेट तिच्या टोपलीपासून हातभर.

आई रागावली नाही. "मी चालत जाते," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती गाडीत बसेना.

भाचा म्हणाला, "मामा, नव्या गाडीचं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवू, हल्ली जुन्या गाड्यांना लोक बसवतात." मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण आमच्या गल्लीतले म्हातारे फिटर उस्ताद म्हणाले, "पहले नीचे देखो, भैया." गाडी खड्ड्यावर घेतली. मी स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, ते खालून एकेका सांध्यावर बोट ठेवायचे. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तिथे ढिलाई. आयडलर आर्मचा बुश पार गेलेला, टाय रॉडचे दोन एंड झिजलेले. बॉक्स बिचारा चांगला होता. उगाच आवळल्यामुळे आखडत होता. पॉवर लावली असती तर हात हलका झाला असता, झिजलेले सांधे तसेच राहिले असते.

बुश आणि एंड बदलले, स्क्रू सैल करून बेताने बसवला, बॉक्समध्ये तेल भरलं, चाकांचं अलाइनमेंट केलं. चार बोटांचं दीड बोटावर आलं. अगदी शून्य करायचं नसतं, हे उस्तादांनी दोनदा बजावलं.

पुढच्या सप्तमीला आई म्हणाली, "आधी तू एकटा जाऊन ये." घाटाचा उतार उतरलो, वळलो, परत आलो. ती दारात चपला घालून उभी होती, हातात ओटीची पिशवी.