सायकलवरचे डाकू

हाणामारीच्या चित्रपटात विनोद कशाला हवा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. जत्रेत रात्रभर तमाशा पाहिलेल्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला तो पडणार नाही. वगातला राजा संतापला, की नेमका त्याच वेळी सोंगाड्या तोंड उघडतो. लोक पोट धरून हसतात, पण कथा थांबत नाही. हसून सैल झालेल्या प्रेक्षकाला पुढचा घाव अधिक लागतो.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. सलीम-जावेद यांच्या पटकथेत जय प्रत्येक पेच नाणं उडवून सोडवतो. आपण त्याला गंमत म्हणून हसतो. शेवटी जय गेल्यावर वीरूच्या हाती ते नाणं येतं आणि कळतं, की त्याच्या दोन्ही बाजूंना एकच छाप आहे. इतका वेळ जो विनोद वाटत होता, तो खरं म्हणजे कथानकाचा खिळा होता. विनोद आणि बांधणी एकमेकांना कशी धरून असतात, याचं याहून सोपं उदाहरण सापडणार नाही.

हेच सूत्र आपल्या शेजारच्या मालेगावने वेगळ्या रीतीने वापरलं. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असलं, तरी १८६९ पर्यंत ते खान्देश जिल्ह्याचाच भाग होतं. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याहून ते सुमारे ५० किलोमीटर. गाव यंत्रमागाचं, शुक्रवारी सुट्टी आणि सुट्टीला सिनेमा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलवर आले. आगगाडी मिळणं शक्य नव्हतं, तिच्या जागी बस आली. संकलन दोन व्हीसीआर जोडून झालं.

ही नुसती नक्कल असती, तर लोक दहा मिनिटांत उठून गेले असते. ‘शोले’चं कथानक गावाला तोंडपाठ होतं. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येकाचे डोळे घोड्याची वाट पाहत होते आणि समोर आली सायकल! मूळ कथा ढिली असती, तर सायकलीला कोणी हसलं नसतं. विनोदाला टेकायला भक्कम भिंत लागते. ती भिंत सलीम-जावेद यांनी आधीच बांधून ठेवली होती.

पुढच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये विनोद आणखी खोल गेला. इथला महाबली काटकुळा, प्रदूषणाने दमा झालेला आणि खलनायक घाणीचा शौकीन. परदेशी कथेचा साचा तोच, पण त्यात धूर, कचरा आणि गटारं मालेगावची. सुपरमॅन झालेले शफीक शेख स्वतः यंत्रमाग कामगार होते. त्यांना तोंडाचा कर्करोग झाला आणि चित्रपटानंतर थोड्याच काळात ते गेले. हे कळल्यावर तो चित्रपट पाहताना हसता हसता माणूस गप्प होतो. फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर केलेला माहितीपट भारतात २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आला. २०२५ मध्ये रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने तीच गोष्ट देशभर नेली. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळेच मालेगाव ओळखणाऱ्यांना या दोन कृतींनी तिथली हसणारी माणसंही दाखवली.

पुढे व्हिडिओ पार्लरं ओस पडली आणि हा विनोद मोबाइलवर आला. ‘खान्देश हिंदी कॉमेडी’ या नावाने मालेगावच्या कलाकारांच्या छोट्या चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. खान्देशचं नाव त्यामुळे दूरवर पोचलं, याचा आनंदच आहे. मात्र पाच-दहा मिनिटांत हशा मिळतो, नाणं उडवून ते शेवटपर्यंत खिशात जपायला सवड मिळत नाही. आपल्या पोरांकडे विनोद भरपूर आहे, आता कॅमेराही प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांनी तीन तासांची एक घट्ट गोष्ट रचायला घ्यावी. ती पाहायला जळगाव-धुळ्याचे लोक तिकीट काढून येतील.