बारमाही स्वारीचे गाव

गेल्या वैशाखात माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली. तिला बँकेत नोकरी लागली होती आणि नेमणुकीसाठी पसंतीची शहरे क्रमाने लिहून द्यायची होती. पेढा माझ्या हातावर ठेवून तिने विचारले, "बाई, बारा महिने स्कूटर चालवता येईल असे गाव कोणते?"

मला हसू आले. पगार किती, घरभाडे किती, साहेब कसा, हे प्रश्न मी ऐकले आहेत. स्कूटरीसाठी गाव निवडणारी मुलगी मी प्रथमच पाहत होते. पण तिने पुढे जे सांगितले त्याने माझे हसू मावळले. तिच्या आईची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावे लागते. वडील नाहीत. भाड्याची गाडी रोज परवडत नाही. "पाऊस आहे म्हणून त्या दिवशी जायचे नाही, असे नाही ना करता येत, बाई!" ती म्हणाली.

मी तिच्याकडे दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत मनात जे आले ते वाचकांपुढे ठेवते आहे.

स्वाराला गाव मानवते की नाही, हा प्रश्न स्कूटरीपेक्षा फार जुना आहे. आपल्याकडे घोडा होता तेव्हाही तो होताच. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत, आणि मृगाच्या सुमारास छावणीला परतत. पुढचे चार महिने घोडा तबेल्यात. नद्यांना उतार नाही, वाटा चिखलाने भरलेल्या, मग स्वारी करायची कशी? सह्याद्रीच्या मुलखातली घोडदौड ही आठ महिन्यांचीच होती.

छावणीचे चार महिने कसे काढायचे, याविषयी शिवाजी महाराजांचे एक प्रसिद्ध पत्र आहे. १६७० नंतरच्या काही वर्षांतले, चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेले. जमवून ठेवलेला दाणागोटा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, असे महाराज त्यात बजावतात. आताच मनमानी उधळलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात हात घालाल, आणि तो गाव सोडून जाईल. दिव्याची पेटती वात उंदराने पळवली तर गवताच्या गंजी जळतील, इथवर त्यांची नजर पोचली आहे. राज्य उभारणारा पुरुष उंदराची आणि वातीची काळजी करतो, याचे मला शाळेत शिकवताना नेहमी नवल वाटते. स्वार मुलखाच्या जिवावर जगतो आणि मुलखाजवळची वैरण मोजकी असते, हे त्या पत्राचे सार आहे. त्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता पुण्याकडे वळू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत. तिने अडवलेला पाऊस लोणावळ्यात ४००० मिलिमीटरांच्या वर पडतो आणि साठ-पासष्ट किलोमीटरांवरच्या पुण्यात येईतो ७०० ते ७५० मिलिमीटरांवर उतरतो. जुन्या भाषेत सांगायचे तर अठ्ठावीस-एकोणतीस इंच. तोही पूर्वी बहुतेक रिपरिपीचा, आळशी पाऊस. मे महिन्यात पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो, जानेवारीच्या पहाटे ११-१२ पर्यंत उतरतो. जुन्या शहराची जमीन बरीचशी सपाट. पर्वतीसारख्या टेकड्या आहेत, पण त्या बाजूला उभ्या राहून पाहणाऱ्या.

हे हवामान इंग्रजांनी नीट हेरले होते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईस, उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास राहत असे. त्याच्यासाठी गणेशखिंडीत १८६४ पासून बांधलेला टोलेजंग वाडा आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. ज्याच्यापाशी तीन घरे आहेत त्याने ऋतुमानाप्रमाणे गाव बदलावे. ज्याच्यापाशी एकच बिऱ्हाड आहे त्याने बारा महिने चालणारे एकच गाव शोधावे. माझ्या विद्यार्थिनीची अडचण ही अशी होती.

या हवेला आणि या सपाटीला पुणेकरांनी प्रथम सायकल जोडली. इतकी, की सायकलींचे शहर हीच पुण्याची ओळख झाली. विद्यार्थी सायकलवर, प्राध्यापक सायकलवर, नऊवारी नेसलेली बाईही सायकलवर. स्कूटर आली ती या तयार झालेल्या वाटेने आली.

स्कूटरीचा जन्म मात्र इटलीतला. पोंतेदेरा गावी पियाज्यो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी तो उद्ध्वस्त झाला आणि युद्ध संपल्यावर विमाने बांधण्याची वाट बंद झाली. कामगारांना काम हवे होते, आणि मोडक्या रस्त्यांवरच्या गरीब लोकांना स्वस्त वाहन. एन्रीको पियाज्योने हे काम कोर्रादीनो दास्कान्यो या अभियंत्यावर सोपवले. हा गृहस्थ मूळचा हेलिकॉप्टरे रचणारा. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे: साखळीचे तेल कपड्यांना लागते, चाक बदलणे जिकिरीचे, बसायला टांग टाकावी लागते. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशी झाकून ठेवले, पायांपुढे पत्र्याची ढाल उभी केली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. १९४६ च्या एप्रिलमध्ये ही व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी, जगापुढे आली. पुढल्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीची लँब्रेटा आली.

यंत्राच्या या ठेवणीतच त्याला मानवणाऱ्या गावाचे लक्षण लिहिलेले आहे. ढाल आहे म्हणून समोरचा शिंतोडा आणि थोडा पाऊस ती सोसते. पण चाके लहान. मोटारसायकलचे मोठे चाक जो खड्डा ओलांडून जाते, त्यात स्कूटरीचे चाक उतरते. वळणावर वाळू असली की ते घसरते. म्हणजे स्कूटरीला सौम्य हवा हवी, अंतर बेताचे हवे आणि रस्ता आरशासारखा नसला तरी प्रामाणिक हवा. इटलीत बर्फ फारसे न पाहणाऱ्या, अरुंद गल्ल्यांच्या जेनोव्हासारख्या बंदरात ती आजही खच्चून भरलेली दिसते. उत्तर युरोपात मात्र हिमवर्षाव सुरू झाला की तिला कोठडीत ठेवावे लागे. छावणीच ती!

आपल्याकडे मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लँब्रेटा आणली, आणि बजाजांनी १९४८ पासून व्हेस्पा आणून विकायला सुरुवात केली. १९५९ साली बजाजांना स्कूटर इथेच बनवण्याचा परवाना मिळाला. पुढे पुण्याशेजारच्या आकुर्डीत त्यांचा कारखाना उभा राहिला. इटालियन कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. राणाप्रतापाच्या घोड्याचे नाव तिला दिले, हे मला फार समर्पक वाटते. परवाना-पद्धतीमुळे किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी. मागणी उदंड आणि माल थोडा. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. कुठेकुठे दहा-दहा वर्षे.

त्या थांबणाऱ्यांत आमचे अप्पा होते. आम्ही मूळचे चिपळूणजवळचे. अप्पांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला, सायकल त्यांना जमली नाही. सरकारी कचेरीत जाणे-येणे म्हणजे रोजची याचना: कधी कुणाच्या सायकलवर मागे, कधी एस. टी., बरेचदा काठी. स्कूटरीत डाव्या पायाला काम नसते, हे त्यांनी कुठेतरी पाहून ठेवले होते. क्लच आणि गिअर डाव्या हाताला, ब्रेकचा पेडल उजव्या पायाशी. त्यांनी १९७७ साली नाव नोंदवले. नंबर लागला १९८४ साली. मी पाच वर्षांची होते.

आणि तेव्हाच त्यांना बदलीची संधी आली. आजी म्हणाली, घर-आगर सोडून जायचे कशाला? अप्पांनी दिलेले उत्तर आमच्या घरात अजून सांगतात. "इथे तीन हजार मिलिमीटर पाऊस. इथली स्कूटर आठ महिन्यांची. पुण्यात ती बारा महिन्यांची होईल. मला माझे पाय चार महिने उसने मागायचे नाहीत." चिपळूणच्या पावसाने घोडी अडवली, तशी तो माझ्या वडिलांचीही वाट अडवत होता. घाट चढून आम्ही पुण्यास आलो, ते एका स्कूटरीसाठी.

पुढची चौदा वर्षे आमची चेतक चुकली नाही. स्टँडवर उभी करून अप्पा किक मारीत. नाही लागली तर आम्ही तिला एका अंगावर कलती करीत असू. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे हा माझा रविवारचा उद्योग. पुढे मी, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटा. पुण्यातल्या हजारो घरांचे हेच चित्र होते. त्यातच फिरोदियांची १९७२ ची लूना आणि १९८४ नंतरची बटनावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, आणि पुण्याच्या मुली कुणाला न विचारता क्लासला, नोकरीला जाऊ लागल्या. मीही लूनावरच शिकवायला जाऊ लागले.

पण १९९८ च्या श्रावणात, केबलसाठी खणून तसाच सोडलेला चर पाण्याखाली दिसला नाही, आणि अप्पा पडले. मनगट मोडले. त्यांनी स्कूटर विकली नाही. फक्त चालवणे सोडले. पुण्याचा पाऊस तेव्हा वाढला नव्हता, थंडी वाढली नव्हती. त्यांना गाव सोडून गेले होते, ऋतू नव्हे.

इथे ते जुने पत्र आठवते. पुण्याची हवा, सपाटी, जवळजवळची अंतरे ही आमची वैरण होती. ती पाहून आम्ही आलो, आमच्यासारखे लाखो आले, आणि प्रत्येकाने वाहन आणले. शहर पसरले, अंतरे वाढली, ओढे आवळले गेले. २०१९ च्या २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढा फुगला आणि शहरात व आसपास वीसाच्या वर माणसे दगावली. देशभरात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आणि आम्ही पुणेकर मात्र हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढत होतो! उंदराने वात नेली तर, एवढी चिंता करणाऱ्या राजाचे नाव घेणाऱ्यांना डोक्याची चिंता नसावी, हे काही शोभत नाही.

वैरण पुरवून वापरणारे लोकही जगात आहेत. तैवानात दर शंभर माणसांमागे पन्नासाहून अधिक स्कूटरी आहेत. तिथे सिग्नलपाशी मोटारींच्या पुढे स्कूटरींसाठी रंगवलेली चौकट असते, आणि मोठ्या चौकात आडव्या रहदारीतून वळायचे तर आधी सरळ पार जाऊन, नेमून दिलेल्या चौकटीत थांबून मगच वळावे लागते. तिथेही वादळे येतात, अपघातही होतात. पण स्कूटर आहे हे रस्ता आखणाऱ्याने धरून ठेवले आहे.

दोन दिवसांनी मुलगी आली. आम्ही कागद घेऊन बसलो. मुंबई: दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४; खोडले. नागपूर: रस्ते ऐसपैस, पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आजारी बाईला त्या उन्हात मागे बसवायचे? खोडले. बंगळूर: हवा पुण्याहून सरस, पण अंतरे मोठी आणि तिथे ओळखीचे कुणी नाही, दुसरे ठेवले. पुणे पहिले.

"पण एक अट," मी म्हणाले. "गाव निवडलेस, आता त्या गावातली तीन ठिकाणे निवड. बँक, रुग्णालय आणि बिऱ्हाड. तिन्हींमध्ये चार किलोमीटरांहून जास्त अंतर नको, आणि मध्ये ओढ्यावरचा सखल पूल नको. भाडे जास्त पडले तर पडू दे, खोली लहान घे. आणि हेल्मेटे दोन घे."

तिला पुणे मिळाले. बिऱ्हाड शोधायला तिने महिना घालवला. एक खोली, जिना अरुंद, पण रुग्णालय अडीच किलोमीटरांवर. गाडी तिने विजेवरची घेतली. नाव चेतकच. बजाजांनी २००९ मध्ये स्कूटरी बनवणे सोडले होते; २०२० च्या जानेवारीपासून ते नाव विजेच्या गाडीवर पुन्हा विकायला आले, आणि तेही पहिल्यांदा पुणे आणि बंगळुरात. आमच्या कागदावरची दोन्ही गावे!

नवरात्रात ती आईला घेऊन भेटायला आली. आईने हेल्मेट काढून मांडीवर ठेवले होते, जसे पूर्वी बायका पिशवी ठेवीत. मी पावसाळ्याचा हिशेब विचारला. जून ते सप्टेंबर, रुग्णालयाच्या पस्तीस खेपा झाल्या. त्यांतल्या दोन रिक्षाने, कारण त्या दिवशी रस्त्यावर पाणी होते आणि तिने गाडी काढली नाही.

"मग बारा महिने झाले का गं?" मी विचारले.

"दोन दिवस कमी, बाई," ती म्हणाली.

अप्पा आतल्या खोलीत ऐकत होते. काठी टेकत बाहेर आले आणि त्यांनी तिला विचारले, "पुढचा टायर पाहिलास का? पावसाळ्यानंतर बदलून टाक."