फुटाळ्याचा सूर्यास्त फोटोत एवढासा का दिसतो?

नागपुरात संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहिलं की मोठा केशरी गोळा पाण्यापलीकडे उतरताना दिसतो. फोटो काढला की त्याचा होतो ठिपका. फोन बिघडलेला नसतो, लेन्सची निवड चुकलेली असते.

आकाशात सूर्याची रुंदी साधारण अर्धा अंश असते. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमी लेन्सइतकं दृश्य टिपतो, म्हणजे आडवं सत्तर अंशांच्या आसपास. त्यात सूर्य फोटोच्या रुंदीच्या जेमतेम दीडशेवा भाग व्यापतो. २०० मिमीच्या टेलीफोटोत दृश्य दहा अंशांवर येतं आणि तोच सूर्य रुंदीच्या विसाव्या भागाएवढा होतो. ०.५ मोड लावला तर ठिपका आणखी निम्मा. ‘दृश्य मोठं आहे, वाइड लावा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे.

वाइड लेन्स कामाला येते ती पायाजवळ काही दाखवण्यासारखं असेल तेव्हा. ओले दगड, काठाला लावलेली नाव, डबक्यातलं प्रतिबिंब. कॅमेरा खाली, त्या वस्तूच्या अगदी जवळ न्यायचा. जवळचं काहीच नसेल तर वाइड फोटोत अर्धं रिकामं पाणी आणि अर्धं रिकामं आकाश उरतं. मात्र जवळ जाण्याच्या नादात पाण्याच्या कडेवर किंवा नावेच्या टोकावर जायचं नाही. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात जुलै २०१७ मध्ये नाव उलटून तरुण बुडाले, त्याच्या थोडंच आधी नावेतून फेसबुक लाइव्ह सुरू होतं.

रामटेकला उलटा हिशोब

नागपूरहून साधारण ५० किलोमीटरवरचं रामटेक हे दुसरं नेहमीचं ठिकाण. गडावरून वाइडने घेतलेल्या फोटोत खालचा परिसर सपाट आणि लांब दिसतो. तिथे ५० ते ८५ मिमीने फक्त अंबाळा तलाव आणि त्याच्या काठची मंदिरं उचलली तर फोटोला विषय मिळतो. गडाचाच फोटो हवा असेल तर पायथ्याशी उभं राहू नये. दूर शेतात जावं आणि झूम करावं, म्हणजे पुढच्या झाडांच्या तुलनेत टेकडी उंच वाटते. ही करामत खरं तर लेन्सची नाही, अंतराची आहे. मागे गेल्याने झाडं लहान होतात, लेन्स फक्त नको ते कापते.

यासाठी महागडी लेन्स लागतेच असं नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स १.५ क्रॉप सेन्सरवर २७ ते ८२ मिमीइतकं काम करते. फोनमध्ये वेगळी टेलीफोटो लेन्स असेल तर तिच्या आकड्यावरच थांबावं. त्यापुढे फोन बहुधा फोटो कापून मोठा करतो.

क्षितिज मधोमध नको, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण पाणी स्थिर असेल आणि प्रतिबिंब आकाशाइतकंच भरीव असेल तर मधोमध ठेवायला हरकत नाही. तिरपं क्षितिज मात्र तलावाच्या फोटोत लगेच खटकतं, ग्रिड सुरू ठेवलेली बरी.

जागा ठरवताना महिनाही पाहावा लागतो. नागपुरात डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये जवळपास तितकाच उत्तरेला. उन्हाळ्यात जमलेली फ्रेम हिवाळ्यात त्याच दगडावरून मिळत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेली हवा थरथरते आणि धूळही असते, त्यामुळे दूरचे टेलीफोटो मऊ येतात. तिथे कितीही भारी लेन्स हात टेकते. त्या दिवसांत सकाळी लवकर जावं, नाहीतर पाऊस ओसरेपर्यंत थांबावं. आणि डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून टेलीफोटोने सूर्याकडे थेट पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लाइव्ह व्ह्यूच्या स्क्रीनवर पाहून फ्रेम लावावी.