बीबी, बानू आणि आमची ही

पाहुण्यांना बीबी-का-मकबरा दाखवणे हे आम्हा छत्रपती संभाजीनगरकरांचे आद्य कर्तव्य. परवा तिथे मी विद्वत्ता पाजळली. फारसीत बाई म्हणजे 'झन'. त्याचाच आपला जनाना, जनानखाना. पण परका नव्हे हो! वेदांतली 'जनी', म्हणजे पत्नी, ही त्या 'झन'ची सख्खी मावसबहीण. 'बानू'ही इराणीच; 'बेगम' मात्र तुर्की. 'औरत' अरबी, मूळ अर्थ 'झाकायचे अंग'. तेवढा मी गिळला.

"ते असू द्या," ही म्हणाली, "इथं निजलीय तिचं नाव काय?"

"दिलरस बानू बेगम. औरंगजेबाची बायको. १६५७ साली वारली."

"एवढं छान नाव! मग सगळे नुसतं 'बीबी' का म्हणतात?"

मी गप्प. लग्नाला चाळीस वर्षं झाली. हिला मी अजून 'अगं'च म्हणतो.