पद वर, पगार तिथेच: भामरागडच्या एका लिपिकाचं गणित

पगार न वाढता पदोन्नती मिळाली तर घ्यावी का? प्रश्न ऐकला की खासगी कंपनीतली नोकरी डोळ्यासमोर येते. पण या प्रश्नाचा आपल्याकडचा सगळ्यात चांगला नमुना सरकारी दप्तरात सापडतो, आणि तो समजून घ्यायचा तर भामरागडपर्यंत जावं लागतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तर हा विषय फारच उपयोगी आहे. शासन निर्णय ऐतिहासिक साधन म्हणून कसा वाचायचा, हे यातून नीट कळतं.

माझं एम.एस्सी. सांख्यिकीत झालं. तिथे पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात बसवतात: दोन चलं नेहमी बरोबर हलताना दिसली म्हणून ती एकच आहेत असं समजू नका. पद आणि पगार ही अशीच जोडी. आपल्याला वाटतं, दोन्ही एकत्रच चढतात. इतिहास पाहिला तर पगार वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या गोष्टींना बांधलेला दिसतो.

पहिली गाठ: जबाबदारी

ब्रिटिश सरकारचे मूलभूत नियम 1 जानेवारी 1922 पासून लागू झाले. तेव्हा आजचा भामरागडचा परिसर मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात, अहेरी जमीनदारीच्या मुलखात होता. या नियमांतलं तत्त्व सरळ होतं. नव्या पदाची कर्तव्यं जास्त महत्त्वाची असतील तर पगार वाढवून निश्चित करायचा. भत्त्यांबाबत मात्र हात आखडता. एखाद्या ठिकाणी राहण्याचा जादा खर्च भरून निघावा, पण भत्ता हे कमाईचं साधन होऊ नये, असं नियमातच लिहिलेलं होतं.

महाराष्ट्राने पुढे 1981 मध्ये स्वतःचे नागरी सेवा (वेतन) नियम केले. त्यांच्या अकराव्या नियमातही हेच सूत्र राहिलं: जास्त जबाबदारी, म्हणून जास्त पगार.

दुसरी गाठ: काळ

आता अडचण बघा. वरची पदं थोडी, खालची माणसं पुष्कळ. वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाचं काय करायचं? सरकारी भाषेत याला ‘कुंठितता’ म्हणतात. 8 जून 1995 च्या शासन निर्णयाने गट क आणि गट ड मधल्या कर्मचाऱ्यांसाठी कालबद्ध पदोन्नती योजना आणली आणि ती 1 ऑक्टोबर 1994 पासून लागू केली. बारा वर्षं सेवा झाली आणि जागा रिकामी नसली, तरी वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळणार. काम जुनंच, पगार वरचा.

पुढे 20 जुलै 2001 च्या निर्णयाने तिचं नाव ‘आश्वासित प्रगती योजना’ झालं. 2010 मध्ये बारा आणि चोवीस वर्षांनी असे दोन लाभ आले. 2 मार्च 2019 च्या निर्णयाने दहा, वीस आणि तीस वर्षांनी असे तीन झाले.

नावातला बदल नीट बघा. 1995 मध्ये ‘पदोन्नती’ म्हणत होते, 2001 मध्ये तो शब्द गेला. कारण पद मिळतच नव्हतं, मिळत होता तो पगार. अशा वेळी नाव बदललं की आपण थांबायचं आणि का बदललं हे विचारायचं. संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच दडलेला असतो.

तिसरी गाठ: ठिकाण

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. भामरागड त्याच्या पार टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा तिथे संगम. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. त्यात नक्षलवादाची भीती. इथली बदली लोकांना शिक्षेसारखी वाटायची आणि रद्द करून घेण्यासाठी धावाधाव व्हायची. त्याचा फटका कुणाला? दाखल्यासाठी, औषधासाठी, शाळेसाठी चालत येणाऱ्या माडिया माणसाला.

यावरचा एक उपाय म्हणजे 6 ऑगस्ट 2002 चा शासन निर्णय. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्याला तो तिथे काम करत असेपर्यंत मूळ पदाच्या वरची वेतनश्रेणी आणि शिवाय प्रोत्साहन भत्ता. गडचिरोलीत कुणालाही विचारा, ‘एकस्तर’ म्हटलं की लगेच कळतं. 1922 च्या नियमाला ठिकाणातून कमाई नको होती, 2002 च्या निर्णयाने ठिकाणासाठीच वरचा पगार देऊ केला. ऐंशी वर्षांत धोरण पूर्ण उलटं फिरलं.

पण त्या निर्णयातले ‘असेपर्यंत’ हे पाच अक्षरी शब्दाचं वजन बघा. बदली झाली की एकस्तर संपला.

आता गणित

समजा, भामरागडच्या तहसील कार्यालयात एक लिपिक आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात त्याची श्रेणी एस-6, मूळ वेतन 26,000. वरचं पद अव्वल कारकुनाचं, श्रेणी एस-8. पदोन्नतीची रीत अशी: आधी जुन्या श्रेणीत एक वेतनवाढ द्यायची, म्हणजे 26,800. मग वरच्या श्रेणीत तेवढा किंवा त्याच्या लगेच पुढचा आकडा शोधायचा. तो येतो 27,100. एकस्तरचा पगारही याच रीतीने काढला असं धरू. म्हणजे तो लिपिक असतानाच 27,100 घेतो आहे.

आता त्याला खरी पदोन्नती मिळाली, नागपूरला. एकस्तर संपला, त्यामुळे हिशेब पुन्हा मूळच्या 26,000 पासून. उत्तर? 27,100. पद वाढलं, सह्यांचा अधिकार वाढला, डोक्यावरचं काम वाढलं आणि मूळ वेतन एका रुपयाने वाढलं नाही. प्रोत्साहन भत्ताही गेला. शहरात घरभाडे भत्ता जास्त मिळेल, पण घरभाडंही जास्तच.

त्याने पदोन्नती घ्यावी का? नुसती पगाराची चिठ्ठी बघितली तर उत्तर ‘नको’ येतं. पण चिठ्ठीवर न दिसणाऱ्या तीन गोष्टी आहेत.

एक, आत्ताचे 27,100 ठिकाणाचे आहेत, उद्या साध्या बदलीनेही ते जातील. पदोन्नतीनंतरचे 27,100 पदाचे आहेत, ते त्याच्याबरोबर कुठेही जातील. आकडा एकच, मालकी वेगळी.

दोन, नायब तहसीलदार व्हायचं तर वाट अव्वल कारकुनाच्या पदावरून जाते. आज थांबला तर मागचे पुढे जातील.

तीन, नकाराची किंमत. पदोन्नती नाकारणाऱ्याला आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळत नाही, ही अट या योजनांमध्ये आहे. म्हणजे ठिकाणाचा पगार वाचवताना काळाचा पगार हातचा जाऊ शकतो.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, गावाशी जुळलेलं नातं. माडिया भाषा शिकलेला, गावोगावच्या लोकांना नावाने ओळखणारा लिपिक निघून गेला तर कार्यालयाचं जे नुकसान होतं, त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. त्यामुळे तो थांबला तर त्याला वेड्यात काढू नका. मात्र त्याने थांबावं ते हा हिशेब मांडून, ‘पगार तर तेवढाच आहे’ एवढ्यावर नको.

माझ्या मते प्रश्नच थोडा बदलायला हवा. ‘पगार वाढतोय का?’ याआधी विचारा: ‘आत्ता मला जे मिळतंय ते कशाचं मिळतंय? कामाचं, वर्षांचं की जागेचं?’ तुम्हाला उद्या कॉलेजात विभागप्रमुखपद किंवा प्रयोगशाळेची जबाबदारी जादा पैशाविना मिळेल, तेव्हाही हाच प्रश्न कामाला येईल.

तुमच्यासाठी काम

घरात किंवा ओळखीत कुणी निवृत्त सरकारी कर्मचारी असेल तर परवानगी घेऊन त्यांचं सेवापुस्तक बघा. तीन रकाने आखा: पद, पगार, ठिकाण. प्रत्येक नोंदीची तारीख लिहा. कुठे पगार बदलला पण पद नाही, कुठे पद बदललं पण पगार नाही, त्या ओळींवर खूण करा. मग प्रत्येक खुणेमागचा शासन निर्णय शोधा. निर्णयात आधी ‘वाचा’खालची यादी बघा, जुने धागे तिथे मिळतात. निर्णयाची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळ्या लिहा. 1995 च्या योजनेत त्या वेगळ्या आहेतच.

शेवटी त्या माणसालाच विचारा: तेव्हा तुम्ही हो म्हणालात की नाही, आणि का? सेवापुस्तकात निर्णय सापडतो. त्याचं कारण बहुतेक वेळा त्या माणसाकडेच असतं, आणि ते टिपून ठेवायला आपल्याकडे फार वर्षं नाहीत.