शिक्रा आणि ससाणा

शिक्रा आणि ससाणा : दिवसा शिकार करणारे पक्षी. वाकडी चोच, अणकुचीदार नख्या व तीक्ष्ण दृष्टी यांमुळे हे दोघे दीर्घकाळ एकाच गणात मोडत. पण हे साम्य नात्याचे नसून शिकारी जीवनक्रमातून आलेले आहे. शिक्रा हा घार, गरुड व गिधाडांच्या ॲक्सिपिट्रिडी कुलातला. आखूड, गोलसर पंख व लांब शेपटी यांमुळे तो झाडीतही झपकन वळतो आणि सरडा किंवा चिमणी पंजात आवळून, नख्या रुतवून मारतो. फाल्कोनिडी कुलातील बहिरी ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात. उंचावरून सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किमी.हून अधिक होतो. त्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा असतो. त्याने तो भक्ष्याची मान मोडतो. शिक्रा काटक्यांचे घरटे बांधतो. बहिरी ससाणा कड्याच्या कपारीत खळगा करून त्यातच अंडी घालतो.

असे फरक एकाच वंशात परिस्थितीनुसारही पडू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत जनुकीय अभ्यासात ससाणे शिक्र्यांपेक्षा पोपटांना व चिमणीवर्गीय पक्ष्यांना अधिक जवळचे ठरले. शिवाय वाकडी चोच व नख्या घुबडांनाही असतात, तरी त्यांचा गण वेगळाच मानला जातो. म्हणून ‘शिकारी पक्षी’ ही संज्ञा जगण्याची रीत सांगते, वंश नव्हे. वर्गीकरणात तिला तेवढेच स्थान द्यावे.